आखूड दांडा

भंगाराच्या ढिगातून ती रेसची सायकल ओढून काढली, तेव्हाच ओळखलं, ही कारखान्यातली नव्हे. कुणाच्यातरी मापाने बेतून हाताने बनवलेली. गंज खरवडल्यावर फ्रेमवर नाव निघालं: इंदुमती आवटी, १९७१.

दोन महिने खपलो. बनवणाऱ्याची चूक एकच सापडली. डाव्या पायडलचा दांडा उजव्यापेक्षा इंचभर आखूड होता. मी तो काढून टाकला आणि दोन्ही सारखे बसवले. चाळीस वर्षं सांगलीत सायकली जुळवतोय, असली गफलत माझ्या नजरेतून सुटत नाही.

मग पत्ता शोधून बाईंना निरोप धाडला. दुसऱ्याच दिवशी त्या दुकानात आल्या. पंचाहत्तरीच्या, ताठ मानेच्या, डाव्या पायाने लंगडत. मी त्यांच्या पायाकडे बघितलं, मग सायकलकडे, आणि मनातल्या मनात कान पकडले.

"बाई, दहा मिनिटं बसा," म्हणालो आणि मोडीच्या डब्यातून तो आखूड दांडा शोधून काढला.

तो बसवून होताच बाईंनी ओढणी कमरेला बांधली आणि सायकलवर टांग टाकली.

"अहो, पडाल!" मी ओरडलो.

"पडायला ही काय दुसऱ्याची सायकल आहे?"

चौकापर्यंत गेल्या, वळून आल्या. सायकलवर त्या लंगडत नव्हत्या.