उजवीकडचं हृदय

मुलगी आत आली ती हृदय अंगावर घालूनच.

याच कचेरीतून निघणाऱ्या मुलांच्या मासिकाच्या मधल्या पानातून कापलेला कागदी सदरा होता तो. एक दोरी गळ्यात, एक कमरेला. फुप्फुसं निळी, जठर पिवळं, हृदय लालबुंद आणि प्रत्येकाशेजारी वळणदार उर्दू अक्षरांत त्याचं नाव. तिच्या मागोमाग वडील आले. कोपऱ्यावरचे शिंपी. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. पोरगी चार दिवस झाले पळत नाही. जिना चढताना दोनदा थांबते. काल तर तिनं आपल्या सगळ्या गोट्या धाकट्या भावाला देऊन टाकल्या, त्यानं मागितल्या नसताना. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला. सदऱ्यावरचं हृदय होतं उजवीकडे. हिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला, तर धडधड डावीकडे. मग ही कान लावत घरभर हिंडली. आईचं डावीकडे, भावाचं डावीकडे, झोपलेल्या आजोबांचंही डावीकडेच.

"सात जण आहोत आम्ही," मुलगी म्हणाली. "सगळ्यांनाच झालंय. मी आपणहून कुणाला सांगितलं नाही. उगाच घाबरतील."

टेबलामागच्या बाईंनी चष्मा काढला. मुलांना कळेल असं विज्ञान उर्दूत आणायचं, या एका ध्यासापायी त्यांची अठरा वर्षं या दोन खोल्यांत गेली होती. इथे सगळे त्यांना आपा म्हणत. थोरली बहीण म्हणावं तसं. आपांनी पेन्सिलमामांकडे पाहिलं. मासिकाची चित्रं काढणारे पेन्सिलमामा खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर नुसती भिंत होती.

चूक त्यांचीच होती. मूळ चित्र डावीकडून उजवीकडे लिहिणाऱ्यांच्या पुस्तकातलं. उर्दू चालते उजवीकडून. नावं आणि बाण काही केल्या जागेवर बसेनात, म्हणून मामांनी आरशात दिसावं तसं अख्खं चित्रच फिरवलं. नावं झकास बसली, माणूस मात्र उलटा झाला. छापण्याआधी आपांनी अक्षर न् अक्षर तपासलं. हृदयाकडे कुणी पाहिलंच नाही.

मामा हळूच आपांच्या कानाशी लागले. तिला सांगा, म्हणाले, की हा सदरा पाठीवर बांधायचा असतो. पाठीवर बांधला की हृदय आपोआप डावीकडे येतं. पोरही खूश आणि आपलीही लाज राहते. एकदा चूक कबूल केली, तर उद्या ही पोर आपलं काय म्हणून वाचेल?

युक्ती बिनतोड होती. आपांनी ती ऐकून घेतली. मग खुर्चीतून उठल्या, गुडघ्यावर हात टेकत खाली मुलीसमोर बसल्या.

"तू बरी आहेस, बाळा. घरचे सगळे बरे आहेत. आमचं चित्र चुकलंय."

मुलीला काही ते पटेना. "पण हे छापलेलं आहे," ती म्हणाली.

"हो. चुकलेलंच छापलंय."

तरी तिच्या कपाळावरची आठी जाईना. तेव्हा आपा म्हणाल्या, ये, ऐक. मुलीनं आधी उजवीकडे कान लावला, मग डावीकडे, आणि तिथे बराच वेळ राहिली. मग मामांची पाळी. त्यांचं इतकं जोरात धडधडत होतं की तिनं त्यांना जरा बसून घ्या असं सांगितलं. आतल्या खोलीतले दोघे छपाईवाले शाईचे हात वर धरून ओळीत उभे राहिले. एकाला गुदगुल्या झाल्या, म्हणून त्याचं दोनदा ऐकावं लागलं. सगळ्यांत शेवटी वडील. त्यांचंही डावीकडेच. मुलीनं दोऱ्या सोडल्या, सदरा मामांच्या मांडीवर ठेवला आणि चित्र परत काढा म्हणाली. मामा हो म्हणाले, खाली मान घालून.

सगळ्यांना वाटलं, झालं. वडील दाराकडे वळलेसुद्धा. मुलगी जागची हलली नाही. टेबलावरचा अंक तिनं ओढून घेतला, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, भर दुपारी सावली सगळ्यांत लहान असते. हे कुणी बघितलंय?"

लेख आपांचा होता. आपांनी मामांकडे पाहिलं, मामांनी छपाईवाल्यांकडे.

"मी वाचलंय," आपा म्हणाल्या. मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाल्या, "बघितलं नाही."

साडेअकरा वाजले होते. छापखान्याचं मशीन बंद झालं. मागच्या अंगणात, उन्हात, एका कुंडीत काठी उभी राहिली. शिंप्यांनी खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि सावलीच्या टोकाशी रेघ मारली. थोड्या वेळानं दुसरी, किंचित अलीकडे. दुकानाशी गिऱ्हाईक खोळंबलं असेल, असं एक छपाईवाला म्हणाला. खोळंबू दे, शिंपी म्हणाले, आणि उकिडवे बसून राहिले. त्यांच्या शेजारी आपा, पलीकडे मामा, मग दोघे छपाईवाले. तिसरी रेघ कुठे पडते ते पाहायला सगळेच पुढे वाकले.

"उन्हात येऊ नका," मुलगी म्हणाली. "तुमची सावली पडतेय."

पाचही डोकी मुकाट्यानं मागे सरली.