उजवा आरसा

रस्ता संपला होता. पुढे दगडमातीचा ढीग, त्यावर मुळासकट उपटून पडलेलं झाड आणि सगळ्यावर धुकं.

लेकीने ब्रेक दाबून धरला. मोबाइलच्या नकाशात त्यांची गाडी एका कोऱ्या करड्या चौकोनात उभी होती, आजूबाजूला एक रेघ नाही. मघाशी फाट्यावर आई म्हणाली होती, “कुणाला तरी विचारू या.” त्यावर लेक म्हणाली होती, “विचारायला माणूस तर दिसू दे.” दोघीही बरोबर होत्या. रस्ता तेवढा चुकला होता.

डावीकडे डोंगराचा उभा कडा. उजवीकडे, स्टिअरिंगच्या बाजूला, दरी. गाडी वळवायला जागाच नव्हती. फाटा किलोमीटरभर मागे होता आणि तिथवर उलटंच जायचं होतं. लेकीने रिव्हर्स टाकला. गाडी हातभर मागे सरकली आणि उजव्या चाकाखालचा एक दगड निसटला. तो खाली आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

तिने गाडी बंद केली. शाळेत चाळीस मुलांना एका हाकेत गप्प करणारी बाई ती. आता तिला स्टिअरिंगवरचे स्वतःचे हात स्थिर ठेवता येईनात.

“आई, मला नाही जमायचं. गाडी इथेच सोडू. चालत जाऊ.”

“चालत कुठे? फाट्याच्या आधीही तासभर एक घर दिसलं नाही आपल्याला.”

एवढ्यात वरून एक खडा येऊन बॉनेटवर टणकन आदळला. मग दुसरा. ढीग अजून पुरता बसलेला नव्हता. आईने मान वाकवून वर पाहिलं, स्वेटरची बटणं लावली आणि दार उघडलं. डावीकडे कडा इतका जवळ होता, की तिला अंग चोरून बाहेर पडावं लागलं.

आईने पस्तीस वर्षं इस्पितळासमोरच्या दुकानात नर्सेसचे गणवेश शिवले होते. गाडीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. गुडघे तर शिलाई मशीनच्या पॅडलने कधीच खाल्ले होते. ती लंगडत गाडीच्या मागून उजवीकडे आली आणि लेकीच्या आरशात उभी राहिली. धुक्यात ती कमरेपासून वरच दिसत होती.

“आता फक्त या आरशात बघायचं,” ती ओरडली. “माझ्याकडे. दरीकडे नाही, चाकाकडे नाही. सुईकडे बघत बसलं की टीप वाकडी जाते.”

“आणि तू कशी येणार?”

“तुझ्यापुढे, मागे मागे. हात वर केला की थांब. खाली घेतला की ये.”

लेकीने गाडी सुरू केली. आरशातल्या आईने हात खाली घेतला.

त्या दोघी निघाल्या. एक गाडीत, एक रस्त्यावर, आणि दोघीही उलट्या. आई चार पावलं मागे जायची, थांबायची, हात हलवायची. लेक तेवढीच गाडी सोडायची. एका वळणावर डावीकडून कर्रर्र आवाज आला. लेक दचकली. गाडी बंद पडली.

“दार घासलं ना गं?”

“घासू दे. दार नवं मिळतं.” आईने कमरेवर हात ठेवले. “बंद पडली ते बरं झालं. तेवढाच मला विसावा.”

लेकीला हसू आलं. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आपले हात आता थरथरत नाहीत. आई त्या बाजूने एवढी ऐसपैस चालते आहे, म्हणजे तिकडे जागा भरपूर असणार. आपण उगाच घाबरलो.

फाट्यावर पोचायला पाऊण तास लागला. तिथे रस्ता रुंद होता. लेकीने गाडी वळवून सरळ केली, इंजिन बंद केलं आणि उतरून आईला मिठी मारली. आईचं अंग घामाने भिजलं होतं, एवढ्या गारठ्यात. ती दगडावर बसून गुडघे चोळू लागली.

धुकं जरा विरळ झालं होतं. आपण कुठून आलो ते डोळ्यांनी बघावं, म्हणून लेक थोडी मागे चालत गेली.

ओल्या मातीत उजव्या चाकाचा पट्टा स्पष्ट उमटला होता. त्याच्या पलीकडे जेमतेम दीड वीत रस्ता होता, आणि त्या दीड वितीत आईची पावलं. वळणावळणाने गेलेली सगळी पावलं तिथेच, कडेला. काही ठिकाणी पाऊल अर्धंच उमटलं होतं. उरलेल्या अर्ध्याखाली जमीनच नव्हती.

लेक परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“आई, तू त्या कडेवरून चालत होतीस? गाडी जरा जरी उजवीकडे आली असती तर? मी तर दरीला घाबरून पार गळाले होते. माझ्यावर तू एवढा भरवसा कसा ठेवलास?”

आईने उठायला हात पुढे केला.

“दरीच्या भीतीने तुझे हात कापत होते,” ती म्हणाली. “मी मध्ये उभी राहिले, तर ते कापणार नाहीत हे मला ठाऊक होतं.”