हात दाखवला तरच

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातली आमची छोटी रेल्वे बंद पडली, रूळही उखडले. तिथे आता गवत आहे. जुन्या स्टेशनात मी एकटा राहतो. तरीही रोज दुपारी, कॉफीच्या वेळी, माझ्या कपाटातले कप किणकिणतात. गाडी जायची तेव्हा किणकिणायचे, तसेच.

परवा अल्मुट निरोप घ्यायला आली. मी शाळेत शिकवलेल्या मुलांपैकी गावात उरलेली ती शेवटची. आता तीही कोलोन शहरात राहायला निघाली.

"मास्तर, हा प्लमचा केक एका बैठकीत संपवू नका हं!"

"मग राहा की पहाऱ्याला."

ती हसली, पण तिने वर पाहिलं नाही. तिची मोटार वळणाआड जाईपर्यंत मी फलाटावर उभा राहून उंच हात हलवत होतो.

आत कप किणकिणू लागले.

आमच्या थांब्यावर कुणी हात दाखवला तरच गाडी थांबायची. दरवर्षी नव्या पोरांना मी समजावायचो, "गंमत म्हणून हात करायचा नाही. गाडी थांबवली, की चढायचं."

माझा हात अजून वरच होता.

किणकिण मंदावली आणि बंद झाली. समोरचं गवत आडवं झालं. डब्याचं दार सरकल्याचा आवाज आला आणि आतली ऊब माझ्या चेहऱ्यावर आली.

"चला मास्तर," एक लहान मूल म्हणालं, "तुम्हीच शिकवलंत ना?"

मी मागे वळून पाहिलं. मला थांबवायला घरात कुणीच नव्हतं.