मम्मीच्या दगडावरचं वचन

मम्मीच्या कबरीच्या दगडावर कोरायला वचन हवं होतं. माझे पप्पा चर्चचे पाळक. माझ्या खुर्चीमागे उभं राहून ते म्हणाले, "बायबलच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पत्नी' हा विषय उघड."

त्यांच्या उपदेशांसाठी ते सांगतील तेवढीच वचनं मम्मी वीस वर्षं त्यात विषयवार लावत आली होती. 'पत्नी'खाली एकतीस निघाली. नवऱ्याच्या अधीन राहा, मंडळीत गप्प बसा, भांडखोर बायको नको.

"यात कौतुकाचं एकही नाही?"

"तुम्ही कधी सांगितलंच नाही, पप्पा."

"बरं, 'विश्वासू' बघ."

तिथे पहिलंच वचन धन्याने इमानी चाकराला दिलेल्या शाबासकीचं होतं.

"हेच दे. तिला अगदी शोभेल."

निदान दगडावर तरी खरं असू दे, म्हणून मी तेच लिहून दिलं.