मौनाची दोन मिनिटं

पद्मा रिसबूड मंगळवारी सकाळी वारल्या. ते आपण इथेच सोडून देऊ. त्यांनीही सोडून दिलं, कारण त्यांना सब्जी आणायला आलमबागेत जायचं होतं.

परत आल्या तर दाराच्या कडीला पांढऱ्या शेवंतीचा हार. जिन्याखाली पेपरवाला हरिहर सायकल धरून उभा. आज त्याने पेपर टाकला नव्हता.

"अम्मा, मंडलवालों ने मना किया," तो सायकलच्या घंटीला म्हणाला. "बोले, अब कौन पढ़ेगा."

त्यांच्याकडे त्याने एकदाही वर पाहिलं नाही. शेजारीण जिन्यात भेटली, ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि त्या वर जाईपर्यंत तिने श्वास घेतला नाही. दुपारी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्यांना काढलं. काढण्याआधीचा शेवटचा मेसेज तेवढा फोनवर राहिला: 'गायिका कै. पद्माताई रिसबूड यांना भावपूर्ण श्रद्धांजली. रविवारी सकाळी अकरा, मंडळाचं सभागृह. अल्पोपाहार आहे.'

मंडळात चुका होत नाहीत, पद्धती असतात. लखनौची मराठी माणसं रेल्वेतली, बँकेतली, केंद्र सरकारातली. जो सलग तीन गणपती आरतीला दिसला नाही, त्याची बदली झाली असं धरतात आणि नाव खोडतात. पद्माबाई गुडघ्यांमुळे तीन गणपती गेल्या नव्हत्या. पण त्यांना नोकरी नव्हती. नोकरी नाही म्हणजे बदली नाही. सचिव गजेंद्र कानडे रेल्वेत इंजिनिअर होता. त्याने नियम रुळावरून न घसरता शेवटच्या स्टेशनापर्यंत नेला.

पन्नास वर्षांपूर्वी पद्माबाई हजरतगंजातल्या एका हॉटेलात रोज संध्याकाळी रिदम अँड ब्लूज गात. अशी अकरा वर्षं. समोर लोक जेवत. काटे वाजत, चमचे वाजत, मधल्या सुरावर कुणीतरी "भैया, एक नान और" म्हणे. एकदाही कुणी घास थांबवून ऐकलं नाही. त्यांनी एक गाणं स्वतः रचलं होतं, 'ऑर्डर आली'. बदली होऊन गेलेला नवरा आणि भिंतीवर राहिलेली त्याची खुंटी. बरोबर दोन मिनिटांचं. त्याच्या तीनशे तबकड्या निघाल्या. दोनशे ऐंशी अजून पलंगाखाली होत्या. एक गजेंद्रच्या मुलीला, श्रुतीला, नक्खासच्या बाजारात जुन्या कुलपांच्या ढिगात मिळाली, आणि पद्माबाई मंडळाला गायिका म्हणून एकदम आठवल्या.

त्यांना आयुष्यात एकच हवं होतं. ते गाणं एकदा शांत बसलेल्या माणसांसमोर गायचं.

रविवारी इतकं धुकं होतं की ई-रिक्षावाल्याला सभागृह वासावरून सापडलं. उपमा होता. दारात त्यांचाच फोटो, विशीतला, पुढे समई. आत दोनशे माणसं. गजेंद्रने त्यांना पाहिलं. तो दचकला नाही, याचीच पद्माबाईंना जास्त भीती वाटली. त्याने हलकेच दंड धरला आणि त्यांना शेवटच्या रांगेत खांबामागे बसवलं.

"आलात ते बरं केलंत, ताई. फक्त मधे उठून काही बोलू नका."

"गजेंद्र, मी जिवंत आहे रे."

"हो, पण ते अजेंड्यावर नाही." त्याने आवाज आणखी खाली घेतला. "हे सगळे तुमच्यासाठी आलेत. जिवंत कलाकाराला मागच्या वर्षी सात जण आले होते. त्यातले चार तबलजीच्या घरचे."

"मग मी मंडळाला लेखी कळवते."

"दिवंगतांचे अर्ज मंडळ घेत नाही, ताई."

व्यासपीठावर श्रुती म्हणाली, "आंटी की आवाज़ सुनिए," आणि तबकडी लावली. सुई पहिल्याच शब्दावर अडकली. ऑर्डर, ऑर्डर, ऑर्डर. गजेंद्रने ती उचलली आणि घड्याळ पाहिलं.

"आपण दोन मिनिटं मौन पाळू."

दोनशे माणसं उभी राहिली. डोळे मिटले. कुणी खोकलंही नाही.

पद्माबाईंना कळलं. हीच ती माणसं, हीच ती शांतता. आणि मौनात कुणी डोळे उघडत नाही, तेव्हा थांबवायला कुणी येणार नव्हतं. त्यांनी ओठ ओले केले. छाती भरून घेतली.

आणि त्यांना सम सापडेना.

अकरा वर्षं त्यांनी ठेका काट्या-चमच्यांवरून उचलला होता. इथे काहीच वाजत नव्हतं. शांततेत गाणं कुठून सुरू करतात हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. एक मिनिट गेलं. कुणाची किल्ली तरी पडू दे, त्या मनात म्हणाल्या. पडली नाही. मंडळ फार शिस्तीचं होतं. समईमागून त्यांचा फोटो त्यांच्याकडे बघत होता, उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा.

मग मागच्या स्वयंपाकघरात कुणीतरी उपम्याच्या बशांत चमचे ठेवायला लागलं. टिण. टिण टिण. टिण.

सापडली. पद्माबाईंनी तोंड उघडलं.

"ओम शांती," गजेंद्र म्हणाला. खुर्च्या सरकल्या, आणि दोनशे माणसं खायला लागली.

सोमवारी मंडळाच्या टपालात एक अर्ज आला. तो असा:

'विषय: मौनाची दोन मिनिटे परत मिळणेबाबत.

मा. सचिव यांस, मी खाली सही करणार कै. पद्मा रिसबूड कळविते की, माझ्या निधनाबाबत माझी हरकत नाही. मात्र रविवारी माझ्या नावे पाळण्यात आलेली दोन मिनिटे माझ्याकडून विनावापर राहिली आहेत. तरी सदर दोन मिनिटे त्याच दोनशे सदस्यांसह, त्याच शांततेत मला परत देण्यात यावीत, आणि सुरुवातीस कोणीतरी चार वेळा चमचा वाजवावा, ही नम्र विनंती.'