रिपोर्टची अदलाबदल

“मॅडम, तुम्ही नावं बदललीत,” वैजयंतीबाईंनी दोन्ही रिपोर्ट लॅबच्या काउंटरवर आपटले. “हे वाढलेलं कोलेस्टेरॉल आमच्या यांचं असणार. बारा वर्षं यांच्या पानातलं तूप मी काढून घेतेय!”

काढून घेतलेलं तूप कुठे जायचं, हे त्या अर्थातच बोलल्या नाहीत. टाकून द्यायचं जिवावर यायचं, म्हणून ते त्यांच्याच भातावर पडायचं.

लॅबमधल्या मुलीने बाटल्यांवरचे नंबर पुन्हा ताडून पाहिले. “रिपोर्ट बरोबर आहेत. काकू, पाळी जाऊन किती वर्षं झाली?”

“चार. त्याचा इथे काय संबंध?”

“त्यानंतर बायकांचं कोलेस्टेरॉल वाढायला लागतं. छातीत काही त्रास होतो का?”

वैजयंतीबाईंनी ‘छे’ म्हणायला तोंड उघडलं. पण दोन महिने जिना चढताना छाती भरून येत होती आणि ‘वयाचं असतं’ म्हणून त्या पुढच्या पायरीवर पाय टाकत होत्या. नवऱ्याला साधी ढेकर आली तरी ईसीजी काढायला लावणारी घरची डॉक्टरीण स्वतःच्या बाबतीत इतकी अडाणी निघावी! त्यांना हसू आलं आणि पाठोपाठ भीतीही वाटली.

बाहेर नवरा स्कूटर घेऊन उभा होता. “काय, माझंच निघालं ना?”

“नाही, माझंच आहे,” मागे बसत त्या म्हणाल्या. “घरी नको, आधी डॉक्टरांकडे चला. छातीत भरून येतंय हल्ली. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.”

ते हसले नाहीत. एकेक खड्डा चुकवत त्यांनी स्कूटर इतकी जपून चालवली, की सायकलवालेही पुढे निघून गेले.