गाळलेल्या जागा

ग्रंथालयात नववीच्या मुलींचा पॉडकास्ट लागला आणि स्पीकरमधून रेवती घडाघडा बोलू लागली. ग्रंथपाल खांबेटे सर खुशीत होते. एरवी एका वाक्यात चारदा अडखळणारी पोरगी! काल त्यांनीच सगळ्या मुलींचं रेकॉर्डिंग संगणकावर घेतलं होतं आणि ऐकायचे कष्ट न घेता, एका बटणासरशी मधल्या शांत जागा, अडखळलेले शब्द साफ काढून टाकले होते.

"मी बोलताना अडते," स्पीकरमधली रेवती सफाईदारपणे सांगत होती. "लोकांना घाई असते. माझं वाक्य तेच पुरं करून टाकतात. आज तसं करू नका. मला लागेल तेवढा वेळ लागू द्या."

"अगं, कुठे अडतेस?" मागून कुणीतरी म्हणालं आणि अख्खा वर्ग खिदळला.

रेवती हसली नाही. ती सरांकडे बघत राहिली. सरांचे कान तापले. पोरीने एवढा वेळच तर मागितला होता, आणि नेमका तोच त्यांनी कापून टाकला होता.

तास संपला, मुली पांगल्या, तेव्हा ती त्यांच्या टेबलापाशी आली.

"सर, माझं म... मू..."

"मूळ रेकॉर्डिंग ना? आहे गं, आहे. उद्या तेच लावू!"

रेवतीने उघडलेलं तोंड मिटलं. आपण पुन्हा तेच केलं, हे सरांच्या ध्यानात आलं. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

रेवती मात्र थांबून राहिली.